भुईवर घेतलेला माणूस

कोंडिबाची खाट आली ती आधी सोपानरावांच्या अंगणात उतरली.

वास्तविक खुटबावच्या शिवारात, कालव्याच्या चारीपलीकडे कोंडिबाचे दोन खणांचे घर होते आणि तिथवर टेम्पो जाईल अशी वाटही होती. परंतु सोपानराव हे कोंडिबाचे थोरले चुलतभाऊ, सोसायटीचे माजी चेअरमन. पुण्याच्या ज्या धर्मादाय न्यासाकडून खाट मिळायची होती, त्याच्या लोकांशी फोनवर बोलणे त्यांनीच केले होते. तेव्हा समारंभ त्यांच्या दारी व्हावा, हे ओघानेच आले. खाटेला झेंडूचा हार घातला गेला. उशाकडच्या लोखंडी पट्टीवर दात्याच्या दिवंगत मातोश्रींचे नाव होते, त्याला कुंकू लावले गेले, नारळ फुटला. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते, त्याला जबड्याभोवती उपरणे गुंडाळून जीपमधून आणून खुर्चीवर बसविण्यात आले.

न्यासाची परिचारिका मोनाली बाजूला उभी होती. केडगावची मुलगी, आठवड्यातून एकदा स्कूटीवरून येऊन कोंडिबाची जखम धुणारी. त्यांना फार वेळ बसवू नका, एवढे ती म्हणाली. परंतु तिचे म्हणणे टाळ्यांत बुडाले. फोटो काढणाऱ्याने कोंडिबाला चांगला गाल इकडे करायला सांगितले. कोंडिबाने तो केला. रंभेला, त्याच्या बायकोला, हात जोडून खाटेशेजारी उभे राहण्यास सांगितले गेले. ती कांद्याच्या शेतातून तशीच उठून आली होती. नखांत चिखल होता. जोडलेल्या हातांतली नखे दिसू नयेत म्हणून तिने बोटे आत दुमडून घेतली, आणि फोटोत ती मूठ वळल्यासारखी आली.

मग खाट चारीपलीकडे गेली.

कोंडिबा हा गुळव्या. केडगाव ते पाटस या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांत त्याचा हात नावाजलेला. काहिलीतला रस उकळून तांबूस झाला की मालकही दूर उभा राही आणि कोंडिबा काय म्हणतो याची वाट पाही. तो पाण्यात बोट बुडवून उकळत्या काकवीचा थेंब उचले, चिमटीत वळवी आणि एक शब्द बोले : उतरवा. तेवढ्यावर गडी धावत, काहिलीच्या कड्यांत दांडे घालून ती चुलवाणावरून ओढून घेत. अख्ख्या हयातीत त्याने एवढाच अधिकार गाजविला होता. जिभेखाली तंबाखूची गोळी मात्र पहाटेपासून झोपेपर्यंत असे. पुढे जबड्यात गाठ आली, फुटली, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात विजेचा शेक झाला, आणि एके दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विक्रमला, कोंडिबाच्या एकुलत्या मुलाला, बाजूला घेऊन आता यांना घरीच न्या असे सांगितले.

घरी न्या, याचा अर्थ काय तो रंभेला घरी आल्यावर कळला. दुःख जबड्यात होते, पण कोंडिबा ते सगळ्या अंगाने सोसत असे. गुडघे पोटाशी घेई, भिंतीला पाठ घाशी, उशी चावू पाही आणि चावता येत नाही म्हणून मुठीने ठोकी. माणूस वाळून हाडांचा सांगाडा उरला, तेव्हा चटईवर पडून पडून माकडहाडापाशी कातडे गेले. अशा वेळी मोनाली या घरात आली. तिने रंभेला जखम धुवायला शिकविले, तिचा वास मारण्याची पूड कशी भुरभुरायची ते दाखविले, मॉर्फीनची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून जिभेच्या धड बाजूने कशी द्यायची ते सांगितले, आणि अंगाखाली चादर घालून एकट्या बाईला एवढा पुरुष कुशीवर कसा वळवता येतो, हेही करून दाखविले.

खाटेची कळ फिरवली की डोक्याकडची बाजू वर येई. तिच्यावर हवेची गादी होती आणि पायथ्याशी एक लहानशी मोटर. गादीच्या नळ्या आळीपाळीने फुगत आणि बसत, त्यामुळे अंगाचा भार एका जागी राहत नसे. चारही पायांखाली रंभेने पाण्याच्या वाट्या ठेवल्या, कारण जखमेच्या वासाला लाल मुंग्या येत. पहिल्याच रात्री कोंडिबा झोपला. सकाळी जागा झाला तेव्हा त्याने बायकोला जवळ बोलाविले. तुटक, नाकातून येणाऱ्या आवाजात तो म्हणाला,

"काहील उतरल्यागत वाटतंय."

रंभा चुलीकडे तोंड करून बसली आणि तिने लाकडे पुढे सारली. तिला त्या घडीला एवढेच सुचले.

घर चालायचे तर रोजगाराला जाणे भाग होते. पौषाचे दिवस, कांद्याची लागण चाललेली. रंभा सकाळी कोंडिबाचे सारे उरकून, मोटर चालू आहे ना हे हाताने चाचपून शेतात जाई. दुपारी भाकरीच्या सुट्टीत धावत येऊन गोळी देई, कूस बदली, पुन्हा जाई. आणि दिवस कलायच्या आत परते, कारण उसात बिबट्याचा वावर होता आणि मुकादमच बायांना लवकर सोडी. विक्रम शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी कामावर होता, तिथेच खोली घेऊन राहत होता. त्याची बायको अनिता सातव्या महिन्यात होती, न्हावऱ्याला माहेरी गेली होती. ही तिची पहिली खेप नव्हती. पहिले मूल पाचव्या महिन्यातच गेले होते. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे, परंतु विक्रम सुट्टीला आला की देवापुढे जरा जास्त वेळ उभा राही.

संक्रांतीच्या सुमारास दुःख पुन्हा चढले. मोनालीने न्यासाच्या डॉक्टरांना फोन लावला, विचारून मात्रा वाढविली, आणि निघताना रंभेला अंगणात उभे करून नीट समजावले. काकू, पहिले दोन दिवस झोप फार येईल, हाक मारली तर डोळे उघडतील, पुन्हा मिटतील. घाबरू नका. अंगाला सवय झाली की जागे राहतील. रंभेने मान डोलावली. हे आपल्याशिवाय आणखी कोणाला सांगायला हवे, असे तिच्या मनात आले नाही. सांगणार कोणाला? दिवसभर घरात दुसरे होते कोण?

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई आली. मुक्ताबाई ही रंभेची चुलतसासू, सोपानरावांची आई. भावकीतली सगळ्यांत वडील. कित्येक मरणे तिने उशाशी बसून पाहिलेली, आणि कोणाचा श्वास कुठवर आला आहे हे तिला कळते असा तिचा लौकिक. वाण्याच्या दुकानाकडे जाता जाता ती कोंडिबाला पाहायला म्हणून आत शिरली. कोंडिबाचे डोळे अर्धे उघडे होते, बुबुळे वर गेलेली. श्वास सावकाश चालला होता. दार उघडे राहिल्याने वाऱ्याने हातपाय गार पडले होते. तिने हाक मारली. त्याने डोळे हलविले नाहीत. म्हातारीने त्याचे नाक बोटाने चाचपले, कानाच्या पाळ्या पाहिल्या आणि बाहेर येऊन सोपानरावांना निरोप धाडला की कोंडिबा निघाला, आणि तो खाटेवर आहे.

भूमी ही माता आहे. जाणाऱ्याने तिच्या अंकावर मस्तक ठेवून जावे, अधांतरी जाऊ नये, हा पूर्वजांचा विचार थोर आहे, आणि तो थोर आहे म्हणूनच इतकी शतके टिकला. परंतु जाणारा केव्हा जाणार हे ठरविण्याचा अधिकार त्या विचाराने कोणालाही दिलेला नाही. सोपानरावांना एवढा विवेक करण्यास सवड नव्हती. आपल्या चुलतभावाचा जीव लोखंडी खाटेवर, विजेच्या गादीवर गेला आणि तो तिथेच घुटमळत राहिला, हे बोलणे त्यांना गावात ऐकायचे नव्हते. त्यांनी दोन्ही मुलगे आणि भावकीतला दत्ता यांना बोलाविले. मुक्ताबाईने शेण कालवून जागा सारवली. ओल्या सारवणावर घोंगडी पडली. चौघांनी चार बाजू धरल्या आणि कोंडिबाला खाली घेतले. हवेच्या गादीवर त्याचे धोतर अडकले होते, ते ओढताना माकडहाडावरची पट्टी निघून आली. ते कोणाच्या ध्यानात आले नाही. तुळशीचे पान आणि देव्हाऱ्यातल्या गंगेचे थेंब त्याच्या त्या तोंडात घातले गेले.

रंभेला निरोप पोचला तेव्हा ती वाफ्यात वाकलेली होती. ती धावत आली. दारात चपलांचा ढीग पाहून तिचे पाय जागीच थांबले. आत गेली. कोंडिबा खाली होता, डोक्याशी दिवा होता, आणि वरती रिकाम्या खाटेवर गादी आपली आपण फुगत होती, बसत होती.

तिने लोकांना सांगून पाहिले की हे औषध आहे, नर्सबाईने बजावले आहे, हे झोपेत आहेत. मुक्ताबाईने तिचे तोंड आपल्या छातीशी दाबले. बाईच्या जातीला असेच वाटते, असे म्हणून ती रडू लागली, आणि मग साऱ्याच रडू लागल्या. फोन गेले. विक्रम पाळी अर्धी टाकून आला. पाटसहून कोंडिबाची बहीण आली, तिच्याबरोबर तिच्या जावा आल्या. अंगणात पुरुष बसले, तंबाखू मळली गेली. लाकडे कोणाच्या बांधावरची आणायची, इथवर बोलणे गेले. सोपानरावांनी दहाव्याला कीर्तनासाठी कोणत्या महाराजांना बोलवावे याची विचारणाही करून ठेवली.

उन्हे उतरताना कोंडिबाने डोळे उघडले. त्याने जमलेल्या माणसांकडे एकेक करून पाहिले. बहिणीला पाहून त्याला नवल वाटले.

"तू कवा आलीस?" तो म्हणाला. आणि मग रंभेला, "च्या टाक की. पाव्हणी आलीत."

त्या क्षणी त्या घरात आनंद व्हायला हवा होता. झाला तो संकोच. बहिणीने रडणे मध्येच थांबविले आणि पदराने नाक पुसून ती भिंतीकडे सरकली. दत्ता बाहेर जाऊन म्हणाला की कोंडिबानाना बसस्टँडवरनं माघारी आलं, गाडी भेटली न्हाई वाटतं. आणि माणसे मान खाली घालून हसली. पाटसकरांनी आता आलोच आहोत तर रात्रीपर्यंत थांबू, असे ठरविले. कोणी तोंडाने म्हणाले नाही, तरी प्रत्येक जण वाट पाहत राहिला. रंभेने साऱ्यांना चहा केला. साखर शेजारून आणावी लागली.

सकाळी पाटसकर कंटाळून गेले. रंभेने विक्रमला जवळ बोलाविले आणि बापाला वर घ्यायला हात लाव म्हटले. त्याने चादरीचे टोक धरलेही. तेवढ्यात दारातून मुक्ताबाईचा शब्द आला.

"इक्रम, हात काढ."

म्हातारी आत येऊन खाटेला टेकून उभी राहिली. भुईवर घेतलेला माणूस परत वर न्यायचा नसतो, ती म्हणाली. भुईनं त्याला आपला म्हटलं. तिच्या हातातला काढून घेतला तर ती त्याच घरातला दुसरा मागते. आणि लहान असेल तो आधी.

"तुझ्या घरात आता ल्हान कोण येनार हाय, ते मी सांगाया पायजे व्हय?"

विक्रमच्या हातातून चादर सुटली. रंभेने त्याच्याकडे पाहिले. तो वाईट मुलगा नव्हता. बापाच्या उपचारासाठी त्याने दुहेरी पाळ्या केल्या होत्या. परंतु पहिल्या वेळी अनिताला दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आणताना रिक्षात जो शेजारी बसला होता, तोही हाच होता.

"आये," तो म्हणाला, "मला काय बी सांग. येवढं सांगू नगंस."

मोनाली आली ती घोंगडी पाहून उंबऱ्यातच थबकली. तिने कोंडिबाला वळवून पाठ पाहिली. सारवणाचा ओलावा लागून शय्याव्रण रुंद झाला होता, कमरेच्या हाडावर नवा तांबडा डाग उठला होता. ती रागावली नाही. तिच्या नोकरीत रागावण्याची सोय नव्हती. वर घ्यायचे नसेल तर निदान गादी जमिनीवर टाका, असे ती म्हणाली, आणि तिने व रंभेने त्याला कुशीवर वळवून ती त्याच्याखाली सरकवलीही. मोनालीची स्कूटी चारीपार होईपर्यंत गादी राहिली. मग मुक्ताबाईने सुनांना हाताशी घेतले. अंगाला भुई लागाया पायजे, मधी रबर चालत न्हाई, असे सांगून तिने नळी उपसली. हवा सूं करून गेली, आणि कोंडिबा हळूहळू, अगदी हळूहळू, जमिनीला टेकला. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मग रिकामी गादीही ओढून काढली गेली. घोंगडीखाली एक गोधडी घालण्याची परवानगी म्हातारीने दिली. त्याहून अधिक नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी काठी टेकीत येऊन पाहून जाई.

खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवता येतात, भुईखाली येत नाहीत. रंभेने घोंगडीभोवती हळदीची रेघ ओढली, राखेची ओढली. मुंग्या रेघ ओलांडून येत. ती ओल्या फडक्याने त्या टिपत बसे, आणि कोंडिबा छपराकडे पाहत पडे. रोजगार बुडाला. औषधाने माणूस मेल्यागत होतो, ते देऊ नको, असेही तिला सांगण्यात आले होते; तेव्हा गोळ्यांची पुडी तिने कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि कोणी नसेल तेव्हा ती देऊ लागली. औषध दुःख मारी, पण जमीन कशी मारणार? कुशीवर वळवताना कोंडिबा कण्हू लागे. तिच्या दंडाला त्याची बोटे रुतत.

मग मोनालीचा फोन आला. तिला बोलणे जड जात होते, हे तिच्या पहिल्या शब्दापासून कळत होते. न्यासाकडे खाटा थोड्या आहेत. पाटसजवळच्या वस्तीवर एक बाई कमरेतून मोडून पडली आहे, खाटेसाठी थांबली आहे. वापरात नसलेली खाट पुढच्या माणसाला द्यायची असा नियम आहे, आणि इथे वापर नाही हे तिला लिहून द्यावे लागले, कारण तिने ते डोळ्यांनी पाहिले होते. शनिवारी टेम्पो येईल.

"त्याच्या आधी काका खाटंवर असतील, तर मी टेम्पो मागं फिरवते काकू," ती म्हणाली. "माझ्या हातात एवढंच आहे."

तेव्हा रंभा माणसे शोधायला निघाली. एकटीने कुशीवर वळविता येई, उचलून वर घेता येत नसे. दोन धड हात आणखी हवे होते. ती आधी सोपानरावांकडे गेली. ओटीवर त्यांनी तिला बसायला सांगितले, ती पदर पुढे ओढून पायरीशी उभी राहिली. सोपानरावांनी तिचे सगळे ऐकून घेतले. कोंडिबा माझा भाऊ आहे, त्याचे हाल मला बघवत नाहीत, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. परंतु जे रीतीने झाले ते मोडण्याचा बोल मी माझ्या माथी घेणार नाही, उद्या विक्रमच्या घरात काही वाकडे झाले तर गाव कोणाचे नाव घेईल, असे विचारून त्यांनी तिच्यासाठी आतून शेवग्याच्या शेंगा मागविल्या. ती शेंगा घेऊन परत आली.

मग ती बौद्धवस्तीत दगडाबाईकडे गेली. दोघी वर्षानुवर्षे एका सरीत कांदे लावीत आलेल्या, एकमेकींची भाकरी चटणीसकट ठाऊक असलेल्या. दगडाबाईचा हात राकट होता आणि तिचा असल्या रीतींवर काडीचा विश्वास नव्हता. तिने रंभेला खाली बसविले, पाणी दिले, आणि बराच वेळ ती विळ्याच्या पात्याशी खेळत राहिली.

"माझं मन म्हणतं आत्ता उठावं," ती म्हणाली. "पर रंभे, त्यो माणूस आज ना उद्या जायचाच हाय. आन् तुझ्या सुनंचं काय व्हईल ते डाक्टर बी सांगू शकत न्हाई. काय बी झालं तरी दगडीनं हात लावला म्हणून झालं, असंच म्हणतील तुझी भावकी. तू तसं न्हाई म्हननार, पर तुझं कोन ऐकतंय?"

रंभा उठली. दगडाबाई तिच्याबरोबर चारीपर्यंत आली आणि चारीच्या अलीकडे थांबली.

शनिवारी टेम्पो आला. मोनाली चालकाशेजारी बसून आली होती. दुपारची उन्हे होती. विक्रम सुट्टी घेऊन आला होता. टेम्पोचा आवाज ऐकून सोपानराव आणि भावकीतले पुरुष अंगणात आले. न्यासाची वस्तू मानाने परत गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मोनाली सरळ आत गेली, कोंडिबापाशी बसली आणि तिने दार लोटून घेतले. आत ती, चालक, रंभा आणि विक्रम एवढेच.

ती हलक्या आवाजात म्हणाली की चालकाला आणि तिला माणूस उचलायची सवय आहे, श्वासभराचे काम आहे. आम्ही गावचे नाही. आमच्या हातानं झालं, असं सांगा सगळ्यांना.

"उचला," रंभा म्हणाली.

विक्रम दाराला पाठ लावून उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता आणि तो बापाकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. चालक वाकला. मोनालीने चादरीची टोके गोळा केली. तेव्हा कोंडिबाने घोंगडीवरून हात उचलला आणि पंजा आडवा हलविला. सारी हयात एका शब्दावर जो काहील उतरवीत असे, त्याला आता तेवढा शब्दही जड होता. रंभेने कान त्याच्या तोंडापाशी नेला. जखमेचा वास आला.

"पोरगं भेलंय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

"त्याचं त्यो बघंल. तुमचं बोला."

"माझं काय. झालं माझं." मग बऱ्याच वेळाने, "त्याच्या लेकराला... माझ्या पाठीपायी बोल नगं."

मोनालीने चादरीची टोके खाली सोडली. रंभेने तिच्याकडे पाहिले. पुन्हा म्हणाली, उचला. मोनालीने मान हलविली. त्यांनी नको म्हटल्यावर मला हात लावता येत नाही काकू, असे ती म्हणाली, आणि उठून तिने भिंतीतली मोटरची पिन काढली. त्या खोलीत रंभेच्या बाजूचे कोणी नव्हते; ज्याच्यासाठी ती भांडत होती तोही नव्हता.

दार उघडले. खाट जड होती. तिच्या एका अंगाला दत्ता लागला, दुसऱ्याला सोपानरावांचे दोघे मुलगे. सोपानरावांनी स्वतः उशाकडचा दांडा धरला. हात कमी पडतील म्हणून शेजारच्या वस्तीवरून आणखी दोघे धावत आले. पायथ्याकडे विक्रम लागला. जपून, जपून, कोपरा सांभाळा, भिंतीला लागंल, असे एकमेकांना बजावीत त्यांनी ती खाट कोंडिबाच्या अंगावरून वरच्या वर पार केली. तो खालून तिच्या पट्ट्या पाहत होता. अंगणात नेऊन, पुसून, चढवून, दोरीने आवळून बांधली. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही.

रंभा तोवर खाली बसली होती. तिने भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, आणि मोनालीने शिकविल्याप्रमाणे चादरीने ओढून कोंडिबाला कुशीवर घेत त्याचे कमरेचे हाड आपल्या उजव्या मांडीवर चढविले. त्याने श्वास सोडला.

टेम्पो गेल्यावर पुरुष हात झटकीत उंबऱ्याशी आले. सोपानरावांनी कपाळाचा घाम पुसला.

"रंभा, च्या ठेव जरा. पोरं दमली."

तिचा पदर खांद्यावर आला होता. दोन्ही हात कोंडिबाच्या पाठीला लागलेले होते, त्यामुळे तो ओढता आला नाही. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिराकडे तिने कधी मान वर करून पाहिले नव्हते. ते आता पाहिले.

"माझी मांडी मोकळी न्हाई, दादा," ती म्हणाली. "दमलेल्यांनी आपल्या घरला जावं."

माणसे पांगली. मागे दत्ताचा आवाज आला की नानी आता लईच बोलायला लागली, आणि कोणीतरी त्याला गप्प केले.

भुईने कोंडिबाला आपला म्हटले होते, परंतु नेण्याची तिला घाई नव्हती. तो पौष जगला, माघ जगला. गुऱ्हाळांची धुराडी दुरून दिसत, त्यांचा गोड करपट वास वाऱ्याने घरात येई, आणि तो कुठली काहील जास्त आटली ते नुसत्या वासावरून सांगे. मोनाली येई, गोळ्या देई, पट्टी बदली. खाटेचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. दगडाबाई तिन्हीसांजेच्या आधी चारी ओलांडून येई आणि मुंग्या टिपीत बसे. रंभा दिवसातला बराच वेळ तशीच भिंतीला टेकून असे. पाय बधिर झाला की काही वेळ दुसरा पुढे करी, परंतु जखमेच्या बाजूमुळे उजवीवरच त्याला बरे वाटे. शिमग्याच्या तोंडावर, भर दुपारी, तिच्या मांडीवरच तो गेला. मुक्ताबाईने ऐकून विचारले की जीव जाताना अंग भुईला लागले होते ना. पाय लागले होते, असे रंभेने सांगितले. खांद्याला माणसे कमी पडली नाहीत.

पाडव्यानंतर अनिताला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. बर्फीचा तुकडा तोंडात टाकीत सोपानराव चार माणसांत म्हणाले की रीत पाळली, शब्द राखला, म्हणून घर वाचले. आणि साऱ्यांना ते पटले. विक्रमलाही पटले. बारशाच्या दिवशी सुवासिनी जमल्या होत्या, पाळणा बांधला होता. अनिताने लेकरू आणून सासूच्या ओटीत दिले, उजव्या मांडीवर. रंभेचे ओठ दाबले गेले. तिने नातीला दोन्ही हातांनी उचलून डावीवर घेतले.

मुक्ताबाईने ते पाहिले. पोर उजवीवर घ्यावी, ती म्हणाली, डावी अशुभ.

"उजवी दुखतीया, आत्याबाई," रंभा म्हणाली, आणि नात डावीवरच ठेवून बसली.